तीच अक्षरे, निराळे शब्द

मराठीत 'रस' हा शब्द उलटा वाचला म्हणजे 'सर' होतो, आणि 'नव' याचे 'वन' होते. अक्षरे तीच, अर्थ मात्र निराळा. इंग्रजी भाषेतही असे लहान लहान शब्द पुष्कळ आहेत. परंतु तेथे आणखी एक अडचण आहे. अक्षराने जागा बदलली की पुष्कळदा त्याचा उच्चारही बदलतो. म्हणून कानाने ऐकलेला शब्द डोळ्यांस ओळखू येत नाही.

अच्छाड हे गाव महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर, मुंबईहून अहमदाबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. रस्त्यावरील पाट्यांवर मराठी, गुजराती व इंग्रजी अशा तिन्ही लिप्या दिसतात. 'स्टॉप' म्हणजे थांबा. त्याची अक्षरे एस, टी, ओ, पी अशी चार. तीच चार पी, ओ, एस, टी अशी मांडली की 'पोस्ट' होतो; टपालाचा पोस्ट तो हाच आणि 'चेकपोस्ट' यातलाही हाच. एस, पी, ओ, टी असे लिहिले तर 'स्पॉट', म्हणजे डाग किंवा ठिकाण. (पहिली दोन अक्षरे पाहून कोणी एस.टी.ची पाटी समजून गाडीची वाट पाहू नये.)

वापी व उंबरगाव येथील कारखान्यांत आपल्याकडील पुष्कळ तरुण कामास जातात. त्यांनी एन आणि ओ ही दोन अक्षरे पक्की करावी. एन पुढे असता 'नो', म्हणजे नाही. ओ पुढे असता 'ऑन', म्हणजे यंत्र चालू. यंत्रात हात घालण्यापूर्वी एवढे वाचता आलेच पाहिजे.

आता ज्या दोन शब्दांसाठी हा पाठ लिहावयास घेतला त्यांकडे वळू. आमच्या मंडळीतील एका बांधवाने आपल्या वाडीतील चिकू अठरा कॅरेट भरून व्यापाऱ्याकडे नेले. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मालाचे नाव मोठे खरे. पण काट्याची पावती इंग्रजीत. तीवर 'ग्रॉस ४१४, टेअर ३६, नेट ३७८' असे छापलेले, व खाली 'रेट २०'. आमच्या बांधवास आर, ए, टी, ई ही चार अक्षरे ठाऊक होती, कारण 'रेट' म्हणजे दर हे त्याने कोठेतरी शिकून घेतले होते. तीच चार अक्षरे त्याला छत्तीसच्या आकड्याशेजारी दिसली. दर छत्तीस असता वीसच दिला, असे म्हणून तो भांडावयास उभा राहिला. मिटवामिटवीसाठी आम्हांस बोलावणे आले, आणि खरे सांगावयाचे तर पावती हाती घेताच क्षणभर आम्हीही फसलो.

तो शब्द 'टेअर' होता: टी, ए, आर, ई. माल ज्या पेटीत, पोत्यात किंवा गाडीत भरलेला असतो तिच्या रिकाम्या वजनास टेअर म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. टाकून द्यावयाचे ते, असा त्याचा अर्थ. 'ग्रॉस' म्हणजे एकंदर वजन. त्यातून टेअर वजा केले की 'नेट', म्हणजे निव्वळ मालाचे वजन उरते, आणि रेटाने गुणावयाचे ते यालाच. ३७८ किलोस वीस रुपये दराने ७५६० रुपये होतात. व्यापाऱ्याने तितकेच दिले होते. चूक आमच्याच पक्षाची होती, व तसे आम्ही त्यास म्हटले.

परंतु शब्दाचा अर्थ उमगल्यावर बांधवाच्या मनात दुसरा प्रश्न आला. अठरा कॅरेटांचे छत्तीस किलो, म्हणजे एकाचे दोन किलो. ते कोणी तोलून पाहिले? त्याने एक रिकामे कॅरेट काट्यावर ठेविले. ते दीड किलो भरले. अठरांचे सत्तावीस झाले. नऊ किलो चिकू हिशेबातून गळले होते. व्यापारी थोडा कुरकुरला, पण नऊ किलोंचे १८० रुपये त्याने मोजून दिले.

उपदेशकांनी रात्रीच्या वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिताना प्रथम आर, ए, टी एवढेच लिहावे. तो झाला 'रॅट', म्हणजे उंदीर. शेवटी ई जोडावा. ई स्वतः मुका राहतो, पण 'रॅट' याचा 'रेट' करितो. मग पहिल्या व तिसऱ्या अक्षरांची अदलाबदल करावी, म्हणजे 'टेअर' तयार. १६११ सालच्या इंग्रजी शास्त्रात मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील निदणास हाच शब्द अनेकवचनी घातला आहे. मात्र तो निराळ्या मुळाचा, वजनाशी त्याचा संबंध नाही. टी, ई, ए, आर असे लिहिले तर 'टिअर' म्हणजे अश्रू, आणि तेच 'टेअर' असे उच्चारले तर फाडणे. 'नेट' याची तीन अक्षरे उलट वाचली तर 'टेन' होतो, म्हणजे दहा.

ज्यांच्या घरी जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या वर्गास आणाव्या. टेअरच्या आकड्यास कॅरेटांच्या संख्येने भागावे, आणि एक रिकामे कॅरेटही सोबत आणावे.