घरच्या घरीं फिल्म धुणें

फिल्म धुण्यास काळोख लागतो, हें विद्यार्थिमित्रांस ठाऊक असेलच. परंतु आमच्या हिंगोली जिल्ह्यांत काळोख मिळविणें सोपें आणि गार पाणी मिळविणें अवघड, ही गोष्ट आम्ही एक फिल्म गमावून शिकलों.

तिच्यावर आमच्या आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र होतें. मे महिना होता. पारा चाळिशीच्या वर गेलेला. औषध चांगलेंच ऊन झालें होतें आणि शेवटचें पाणी मात्र आम्हीं मोठ्या हौसेनें माठांतलें घेतलें. फिल्मवरील रुप्याचे क्षार ज्या सरसांत बसविलेले असतात, तो सरस उष्णतेनें फुगून मऊ होतो. त्यास एकाएकीं गारवा लागला कीं तो आक्रसतो. आजोबांच्या मुखावर सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या. पुढें भाद्रपदांत ते वारले.

तेव्हां प्रथम तापमापक विकत घ्यावा. खोलीचें म्हणाल तर रात्रीं न्हाणीघर पुरतें. दाराशीं घोंगडी टांगून, दिवा मालवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें आणि जेथें उजेडाची रेघ दिसेल तेथें चिंधी कोंबावी. तांबड्या दिव्याचा मोह नको; आजच्या बहुतेक फिल्मांस तांबडा प्रकाशही बाधतो. काळोखांतलें काम फिल्म चकरीवर चढवून टाकींत ठेवण्यापुरतेंच आहे. झांकण बसलें कीं दिवा लावावा. (दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणला, त्या काळीं कोऱ्या फिल्मला कडेचीं छिद्रेंही नसत, तीं सरस्वतीबाई घरांत अंधारांत बसून पाडीत. आम्हांस एक चकरी जड जाते!)

आतां मुख्य गोष्ट. आम्ही 'डी-७६' हें औषध वापरतों. प्रकाश लागलेल्या कणांचें तें काळें रुपें करतें. आमच्या फिल्मला २० अंश सेंटिग्रेडला ८ मिनिटें लागतात. २४ अंशांना सहाहून थोडीं कमी. उन्हाळ्यांत २० चा हट्ट धरूं नये. औषध, हायपो आणि धुण्याचें पाणी यांच्या बाटल्या माठाच्या पाण्यानें भरलेल्या एकाच घमेल्यांत ठेवाव्या व तिन्हींचा पारा एक झाल्यावरच आरंभ करावा. हायपोचे खडे विरघळतांना पाणी आपोआप थंड होतें, म्हणून तें आदल्या दिवशींच करून ठेवावें. प्रकाश न लागलेले क्षार हायपोंत विरघळून जातात. हा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं दाखविला. फिल्मचा दुधीपणा जाण्यास लागेल त्याच्या दुप्पट वेळ ती हायपोंत असावी. मग पुष्कळ पाण्यानें धुवावी, नाहींतर कांहीं वर्षांनीं चित्र पिवळें पडतें. शेवटचें पाणी उकळून गाळलेलें बरें. विहिरीच्या पाण्याचे डाग राहतात.

दिवाळीच्या सुटींत याच रीतीनें आम्हीं आजीची फिल्म धुतली आणि दोरीवर चिमट्यानें टांगली. त्या उलट्या चित्रांत तिचे पांढरे केस काळेभोर उमटले होते. ती बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, "लग्नांत अस्सेच होते रे बाबांनो."