हृद्रोहिणीतील अडथळा : उपचारापूर्वीचे चित्रण

अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाचा पूल चढताना छातीवर दडपण यावे, डावा हात जड व्हावा आणि दोन मिनिटे कठड्याला टेकून उभे राहताच सारे नाहीसे व्हावे, असे होऊ लागले की बहुतेक जण त्याला पित्त समजतात. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे हे दुखणे पुष्कळदा हृद्रोहिणी अरुंद झाल्याची सूचना असते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या या वाहिन्यांचा व्यास अवघा २ ते ४ मिलिमीटर. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका वयाच्या ५३ व्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे ५२ देशांतील एका मोठ्या अभ्यासात आढळले आहे. घरातील मिळवते माणूस याच वयाचे असते.

रक्तवाहिनीतून नळी हृदयापर्यंत नेऊन औषध सोडणे आणि क्ष-किरणांनी चित्र घेणे, ही अँजिओग्राफीची पद्धत अमेरिकेतील डॉ. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये रूढ केली. ती आजही प्रमाण मानली जाते. मात्र तिच्यात दिसते ती वाहिनीतील पोकळीची सावली, भिंत नव्हे. वाहिनी पूर्ण बंद असेल तर औषध बंद तोंडाशीच थांबते. पलीकडे वाहिनी वळते कोठे, अडथळा किती लांब आहे, त्यात चुन्याचा कठीण थर किती आहे, याचा पुरता अंदाज येत नाही.

ही उणीव सीटी स्कॅन भरून काढतो. सर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये १९७१ साली प्रथम रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही थांबत नाही. म्हणून हृद्रोहिणींच्या स्पष्ट चित्रासाठी २००४ च्या सुमारास आलेल्या ६४ छेदी यंत्रांची वाट पाहावी लागली. तपासणीपूर्वी गोळी देऊन नाडीचे ठोके साठ-पासष्टपर्यंत उतरवितात, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि रुग्णाने काही सेकंद श्वास रोखला असता ईसीजीच्या तालावर, दोन ठोक्यांमधील शांत क्षणी चित्रे टिपतात.

त्याचा लाभ कोरियातील ४०० रुग्णांच्या अभ्यासात दिसून आला. सर्वांच्या वाहिन्या दीर्घकाळ पूर्ण बंद होत्या. आधी सीटी चित्रण पाहून केलेली अँजिओप्लास्टी ९३.५ टक्के रुग्णांत यशस्वी झाली, न पाहता केलेली ८४ टक्क्यांत. वाहिनीला छिद्र पडण्याचे प्रकार पहिल्या गटात दोन, दुसऱ्यात आठ.

तथापि अडथळा दिसला म्हणजे स्टेंट घातलाच पाहिजे, असे नाही. भारतासह ३७ देशांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्थिर दुखणे असलेल्या रुग्णांना आधीच अँजिओप्लास्टी वा बायपास करून मृत्यूचे प्रमाण घटले नाही. छातीतील वेदना मात्र अधिक कमी झाली. या चाचणीतही बहुतेकांचे सीटी चित्रण आधी करण्यात आले होते, ते डाव्या मुख्य वाहिनीत धोकादायक अडथळा असलेले रुग्ण वगळण्यासाठी. अशांना केवळ औषधांवर ठेवणे योग्य ठरले नसते. थांबता येईल कोणाला आणि कोणाला नाही, हे सांगणे हाच या तपासणीचा मोठा उपयोग होय.

चुन्याचा थर फार दाट असल्यास चित्र फसवे येते व अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. बारीक स्टेंटच्या आतील भागही नीट दिसत नाही. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना आधी सांगणे अगत्याचे आहे. विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे, घाम व धाप असताना तर या तपासणीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उपनगरातील रुग्णाची पहिली तपासणी घाटकोपरच्या राजावाडी किंवा विलेपार्ल्याच्या कूपर यांसारख्या महापालिका रुग्णालयात होऊ शकते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कोणता खर्च मिळेल, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे. तसेच पुढील रुग्णालयात जाताना केवळ लेखी अहवाल नेणे पुरेसे नाही. अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांना वाहिनीची वळणे स्वतः पाहावयाची असतात, त्यासाठी चित्रणाची सीडी सोबत लागते.