शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि प्राप्तिकरातील वजावट

उच्च शिक्षणाचा खर्च केवळ बचतीतून भागविणे अनेक कुटुंबांस शक्य होत नाही. मुलामुलींच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढणारे शिक्षक व कर्मचारी गावोगावी आढळतात. अशा कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत मिळते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ती कोणास मिळणार, हे कर्जाच्या कागदांवर सही होते तेव्हाच ठरते.

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८० ई मध्ये ही वजावट होती. २००५ पूर्वी मुद्दल व व्याज मिळून वर्षास ४०,००० रुपयांची मर्यादा होती. २००५ च्या वित्त अधिनियमाने ती मर्यादा दूर केली, मात्र वजावट व्याजापुरतीच ठेवली. १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा दिनांक आहे, त्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही ही तरतूद कायम राखण्यात आली आहे.

वजावट कोणास?

कर्ज ज्याने घेतले आणि व्याज ज्याने आपल्या करपात्र उत्पन्नातून भरले, त्यासच वजावट मिळते. शिक्षण स्वतःचे, पतीचे वा पत्नीचे, मुलांचे किंवा कायदेशीर पालकत्वाखालील विद्यार्थ्याचे असावे. थोरल्या भावाने धाकट्या भावंडासाठी कर्ज काढण्याची रीत आपल्याकडे आहे. तथापि, तो कायदेशीर पालक नसेल, तर त्यास ही सवलत नाही. कर्ज बँकेचे, अधिसूचित वित्तीय संस्थेचे अथवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. नातलगांकडून किंवा सावकाराकडून घेतलेली रक्कम चालत नाही. अभ्यासक्रम बारावीनंतरचा असावा लागतो.

समजा, एका शिक्षिकेने मुलीसाठी स्वतःच्या नावे कर्ज घेतले व वर्षात ६०,००० रुपये व्याज भरले. ही रक्कम तिच्या उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. २० टक्के दराच्या टप्प्यात उपकरासह १२,४८० रुपये कर वाचतो. तेच कर्ज मुलीच्या एकटीच्या नावे असून शिक्षिका केवळ जामीनदार असेल, तर हप्ते भरूनही तिला काहीच मिळत नाही.

मुदत व दक्षता

व्याज भरण्यास प्रारंभ झालेले वर्ष व त्यापुढील सात वर्षे, अशी एकूण आठ वर्षे ही वजावट मिळते. कर्ज आधी फिटल्यास ती तेथेच संपते. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेगळा पर्याय न दिल्यास, तीच प्रणाली लागू होते. यास्तव दोन्ही रीतींनी कर काढून पाहावा आणि मगच निवड करावी. बँकेकडून मुद्दल व व्याज वेगवेगळे दाखविणारा दाखला दरवर्षी घेऊन वेतन काढणाऱ्या कार्यालयास वेळीच सादर करावा.

बारावीच्या निकालानंतर पालक सल्ल्यासाठी शाळेत व ग्रामपंचायतीत येतात. कर्ज कोणाच्या नावे असावे, हा प्रश्न शिक्षकांनी व सदस्यांनी त्याच वेळी त्यांच्यापुढे मांडल्यास कुटुंबाचे मोठे हित साधेल.