एकोणीस एकांची संख्या

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे नाव संख्याप्रेमींना परिचित आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१ इत्यादी, यांचा त्यांनी अभ्यास केला. ‘डेम्लो संख्या’ हे नाव त्यांचेच. प्रस्तुत लेखात वर्ग बाजूला ठेवून ११, १११, ११११ या संख्यांकडेच पाहू. यांतील मूळ संख्या कोणत्या?

आमच्या तिरोडीला मँगनीजच्या खाणीवर खनिजातून दगड आधी वेगळा काढतात. येथेही तसेच करू. चार एकांचे दोन-दोनांचे गट पाडा : ११११ = ११ × १०१. एकांचे असे सारखे गट पडले की त्या गटाने संख्येला निःशेष भाग जातो. म्हणून ४, ६, ९, १५ एकांच्या संख्या मूळ नाहीत. एक किती आहेत, तो आकडाच आधी मूळ असला पाहिजे.

पण तेवढे पुरे आहे काय? आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की, तेरीज जुळली नाही तर हिशेबात चूक नक्की. परंतु तेरीज जुळली म्हणून हिशेब बिनचूक ठरत नाही. येथेही तसेच आहे. ५ आणि ७ मूळ असूनही पाच एकांची संख्या ४१ × २७१ आणि सात एकांची २३९ × ४६४९ अशी फुटते.

आता १९ एक घेऊ : १११११११११११११११११११. हिचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी ४१ लाख. तेथपर्यंत भागून पाहायचे म्हणजे जन्म पुरणार नाही. येथे फर्माचे प्रमेय मदतीला येते. एकांची संख्या ३ हून मोठी व मूळ असेल, तर तिच्या दुपटीने भागल्यावर १ बाकी उरेल असेच मूळ अवयव संभवतात. वरील ४१ व २७१ यांना १० ने, २३९ व ४६४९ यांना १४ ने भागून खात्री करावी. १९ एकांसाठी दर ३८ संख्यांत एकच उमेदवार उरतो. तरीही ते पावणेतीन कोटींवर जातात. त्यांतला एकही भाग घालत नाही. ही संख्या मूळ आहे, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, संगणक नसताना, सिद्ध झाले.

पुढे २३, ३१७ व १०३१ एकांच्या संख्याही मूळ ठरल्या. शेवटची १९८६ साली. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

वाचकांनी तेरा एकांची संख्या घ्यावी. २६ ने भागून १ उरणाऱ्या संख्या २७, ५३, ७९ अशा येतात. २७ मूळ नाही. म्हणून पहिला उमेदवार ५३. कागद घ्या आणि भागून पाहा.