एन्ली बेटावरची रात्र

वेल्समध्ये लीन द्वीपकल्पाच्या टोकासमोर, समुद्रात सुमारे ३ किलोमीटरवर, एक छोटंसं बेट आहे. इंग्रजीत बार्डसी, वेल्शमध्ये अनिस एन्ली. ‘अनिस’ म्हणजे बेट. २०२३ साली हे युरोपमधलं पहिलं ‘डार्क स्काय सँक्च्युअरी’ ठरलं.

तिथे इतका अंधार का? बेटाच्या पूर्वेला १६७ मीटर उंचीचा डोंगर आहे. (सह्याद्रीतला माणूस त्याला टेकडीच म्हणेल!) पलीकडच्या गावांचा उजेड हा डोंगर अडवतो.

पण बेटावरच्या दीपगृहाचं काय? २०१४ पर्यंत तिथे पांढरा, फिरता दिवा होता. मँक्स शिअरवॉटर नावाचे पक्षी रात्रीच आपल्या बिळांकडे परततात. ते त्या उजेडाने दिपून जायचे, दीपगृहावर आपटायचे आणि मरायचे. मग तिथे लाल दिवा बसवला.

समजा, सप्टेंबरातल्या निरभ्र रात्री तुम्ही तिथे आहात. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना वीसेक मिनिटं लागतात. मोबाइल खिशातच ठेवा हं! उत्तरेला सप्तर्षी दिसतील. इथे ते कधीच मावळत नाहीत. पुण्यात मात्र दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते दिसतच नाहीत. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधून सरळ रेघ ओढली, की ध्रुव सापडतो. एन्लीवर तो क्षितिजापासून जवळजवळ ५३ अंश वर असतो, पुण्यात फक्त साडेअठरा. म्हणजे तुम्हाला मान वर करावी लागते, आणि पुण्यातल्या आजीला तोच तारा इमारतींच्या मागे शोधावा लागतो.

पहाटे डोंगरावर चढा. आग्नेयेला मृग नक्षत्र वर आलेलं असेल, त्याच्या खाली व्याध. थोड्या वेळाने झुंजुमुंजू होतं, म्हणजे अंधारही असतो आणि उजेडही. मग तांबडं फुटतं, म्हणजे पूर्वेचं आकाश लाल होतं. मग समुद्रापलीकडच्या डोंगरांमागून सूर्य वर येतो. आता मागे वळून बघा. तुमच्या अंगावर ऊन आलं, पण खाली पश्चिमेकडची घरं अजून सावलीतच आहेत. तिथल्या लोकांना सूर्य उशिरा भेटतो!

आठवा आणि लिहा

तुम्ही पाहिलेली चांदण्यांची रात्र किंवा एखादी पहाट आठवा. ‘झुंजुमुंजू’, ‘तांबडं फुटणं’ आणि ‘उजाडणं’ वापरून पाच वाक्यं लिहा. मग आज रात्री तुमच्या घराबाहेर किती तारे दिसतात, ते मोजा. आजी-आजोबांना फोन करून विचारा: ते लहान असताना त्यांच्या अंगणातून किती दिसायचे?