वारुळावरील टेकोडे : ओळख व दक्षता

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम हे गाव वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात आहे. विदर्भाच्या या भागात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या रानअळिंबीस टेकोडे म्हणतात. वाळवी वारुळात जी बुरशी जोपासते, तिचेच हे फळ होय.

मात्र खाद्य अळिंबीसारख्याच दिसणाऱ्या काही छत्र्या विषारी असतात. चांदीचे नाणे काळे पडण्याची कसोटी निराधार असून, अतिघातक विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. अशा विषबाधेची लक्षणे ६ ते २४ तासांनी उमटतात. तात्पुरत्या आरामानंतर यकृत निकामी होऊ शकते. म्हणून अनोळखी छत्री खाऊ नये. शंका येताच रुग्णास उरलेल्या अळिंबीसह तातडीने रुग्णालयात न्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती मृगापूर्वीच घरोघरी पोहोचविणे अगत्याचे आहे.