छडीने खेळ सुधारतो का?

प्रश्न : मुलगा शाळेच्या कबड्डी संघात आहे. पकड चुकली की प्रशिक्षक छडी मारतात. हे गरजेचं आहे का?

उत्तर : नाही, कधीच नाही. छडीनंतर खेळ सुधारलेला प्रशिक्षकांनी खरोखर पाहिलेला असेल. पण फार वाईट खेळानंतरचा खेळ बहुधा नेहमीच्या पातळीवर येतोच, कुणी मारो वा न मारो. ओरडल्यामुळेच उड्डाण सुधारतं, असं मानणाऱ्या इस्रायली हवाई प्रशिक्षकांची हीच गफलत मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांनी दाखवून दिली होती. शिवाय माराला भ्यालेलं पोर चढाईत धोका पत्करत नाही आणि गुडघा दुखला तरी सांगत नाही. मला हे नुकसान सर्वांत मोठं वाटतं.

‘जुने वस्ताद मारत, तरी पैलवान घडले,’ असं म्हणतात. घडलेले दिसतात, माराला कंटाळून तालीम सोडलेले कोण मोजतो? जपानमध्ये १५ महिला ज्युदोपटूंनी मारहाणीची तक्रार केल्यावर २०१३ मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षकांना पद सोडावं लागलं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानने ज्युदोत ९ सुवर्णपदकं जिंकली. त्यामागे कारणं अनेक, पण त्या प्रशिक्षकांवाचून काही अडलं नाही. दमवणारा सराव जरूर हवा. तो अंग तयार करतो, छडी नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई करतं. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.